आईला सुई ओवता येत नाही? फेल्टची ‘सुयांची वही’ कशी शिवायची, समजून घ्या

“आगं, जरा सुई ओवून दे की.”

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ही हाक ऐकलीय. आई किंवा आजी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर गोधडी नाहीतर उसवलेला गणवेश, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात ओठांत ओला करून टोकदार केलेला दोरा. तीन-चार वेळा नेम चुकला की हाक यायची. आपण खेळ सोडून यायचो, एका दमात दोरा ओवायचो आणि परत पळायचो. दहा सेकंदांचं काम.

मग आपण शिकायला पुण्याला येतो, नोकरीला लागतो. घरी ती दहा सेकंदं आता कोण देतं, हा प्रश्न काही आपल्या डोक्यात येत नाही.

माझ्याही आला नव्हता. माझं घर केमला, करमाळा तालुक्यात. पुण्याहून रेल्वेनं सोलापूरकडे निघालात की जेऊर मागे पडल्यावर आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. केम म्हटलं की लोकांना उत्तरेश्वराचं मंदिर आठवतं आणि त्याहून जास्त आठवतं ते कुंकू. आमच्याकडे आई घरबसल्या साड्यांना फॉल लावून द्यायची. मागच्या खेपेला गेले तेव्हा साड्यांचा गठ्ठा दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, “आता न्हाई घेत. कंटाळा येतो.”

खरं कारण दोन दिवसांनी कळलं. धाकटा भाऊ होस्टेलला गेल्यापासून घरात सुई ओवून द्यायला कुणी उरलं नव्हतं. बाबांनाही जवळचं नीट दिसत नाही. शेजारच्या पोरीला दिवसातून किती वेळा हाक मारणार? म्हणून तिनं कामच घ्यायचं बंद केलं होतं.

मग मी तिच्यासाठी फेल्टची एक छोटी ‘सुयांची वही’ शिवली. आत दहा सुया, दहाही दोरा ओवून ठेवलेल्या. तुम्हाला शिवणकामातलं काही येत नसलं तरी ही वही एका संध्याकाळी होते. फक्त काही गोष्टी आधी माहीत हव्यात. त्यातल्या निम्म्या मला चुकून कळल्या.

आधी डोळ्यांचं बघू

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होत जातं आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करणं अवघड होतं. हा आजार नाही, वयाचा भाग आहे. आपल्याकडे वाचायच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, त्यामुळे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख लोकांना या कारणानं जवळचं नीट दिसत नाही आणि त्यांना गरजेचा चष्माही मिळालेला नाही.

यानं कामावर किती फरक पडतो? आसाममधल्या चहाच्या मळ्यात ४० वर्षांवरच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला होता. तो २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. काहींना जवळचा चष्मा दिला, काहींना अभ्यास संपेपर्यंत दिला नाही. चष्मा मिळालेल्यांच्या कामाचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी जास्त वाढलं. चहाची पानं खुडताना एवढा फरक पडत असेल, तर साडीच्या काठाला बारीक टाके घालताना काय होत असेल बघा.

त्यामुळे वही शिवायला बसण्याआधी आईचे डोळे तपासून घ्या. चष्मा असेल तर नंबर किती वर्षांपूर्वी काढलाय ते विचारा, कारण साठीपर्यंत तो बदलत राहतो. दिसणं धूसर झालं असेल किंवा साखरेचा त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जायला हवं. नुसता तयार चष्मा आणून भागणार नाही. आम्ही तेच आधी केलं. नव्या चष्म्यानं आईला टाके दिसायला लागले, पण सुईचं नेढं मात्र अजूनही चुकवायचं. ट्रेकर मंडळींना नेढं म्हणजे राजगडाच्या किंवा रतनगडाच्या कड्याचं आरपार भोक आठवेल. मूळ शब्द सुईचा आहे, आणि बारीक सुईचं नेढं जेमतेम दोऱ्याएवढं असतं.

फेल्टच का?

साधं कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. ते कापलं की कडेचे धागे सुटतात. म्हणून कड दुमडायची, तुरपाई करायची, इस्त्री मारायची. नवशिक्याचा निम्मा वेळ त्यातच जातो, आणि निम्मा उत्साहही.

फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं यांमुळे हे खवले एकमेकांत अडकत जातात आणि तंतूंची एक सलग जाड चादर तयार होते. चुकून गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आटून घट्ट होतो ना, तेच हे. चादरीत धागाच नसल्यानं कुठूनही कापा, काही सुटत नाही. कात्रीनं आकार काढला की कड तयार.

हे तंत्र फार जुनं आहे. सायबेरियातल्या अल्ताय डोंगरात पाझिरिक नावाच्या ठिकाणी बर्फात गोठलेल्या थडग्यांमधून फेल्टच्या वस्तू निघाल्या, त्या सुमारे २३००-२४०० वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा प्रसिद्ध आहे. जुन्या मराठीत अशा दाबून केलेल्या जाड लोकरी वस्त्राला ‘बुरणूस’ हा शब्दही होता. आज तो कुणाच्या तोंडी नाही. भजनाच्या पेटीच्या पट्ट्यांखाली मात्र फेल्टची पट्टी असते, त्यामुळे पट्टी सोडली तरी खट्ट आवाज येत नाही. म्हणजे फेल्ट आपल्या घरात आहे, आपण त्याला नावानं ओळखत नाही इतकंच.

सोलापूरकर लगेच विचारतील, मग आपली घोंगडी? घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, पण ती मागावर विणलेली असते आणि चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली असते. फेल्ट नव्हे. जुन्या घोंगडीचा तुकडा घरात असेल तर त्याचीही वही होईल, पण तो कापल्याबरोबर चारही कडा दाट टाक्यांनी बांधाव्या लागतात. दिसते मात्र फार देखणी. पहिली वही फेल्टची करा, दुसरी घोंगडीची.

सुयांसाठी फेल्ट चांगलं असण्याचं आणखी एक कारण आहे. सुई त्यात सहज टोचते, अडकून राहते आणि काढल्यावर भोक दिसत नाही. कागदाच्या पुडीतल्या सुया डब्यात सांडतात. गोधडीला किंवा कॅलेंडरला टोचून ठेवलेल्या सुया कुणाच्या तरी पायात जातात. प्रत्येक घरात याची एक तरी गोष्ट असते.

दुकानात काय मागायचं?

पुण्यात असाल तर बोहरी आळीत किंवा तुळशीबागेच्या परिसरात मिळून जाईल. तालुक्याच्या गावात ‘फेल्ट’ म्हणून विचाराल तर दुकानदार बघत राहील अशी शक्यता आहे. स्टेशनरीच्या किंवा कटलरीच्या दुकानात जा आणि “शाळेच्या प्रोजेक्टला लागतं ते मऊ, जाडसर कापडी शीट” असं सांगा. ए-४ आकाराचे रंगीत तुकडे बाहेर येतात. गौरी-गणपतीच्या आधी सजावटीच्या सामानात तर हमखास.

आता एक खरी गोष्ट. या शीट बहुतेक वेळा लोकरीच्या नसतात. पॉलिस्टरचे किंवा ॲक्रिलिकचे तंतू काटेरी सुयांनी हजारो वेळा टोचून एकमेकांत गुंतवलेले असतात. खवल्यांचं काम तिथं मशीनच्या सुया करतात. आपल्या वहीला हे चालतं का? चालतं. पण इस्त्री लावू नका. मी पहिल्या शीटची घडी जावी म्हणून नेहमीच्या तापमानाची इस्त्री फिरवली आणि कोपरा इस्त्रीला चिकटून आला. शीट गेली, आणि इस्त्री खरवडायला जो वेळ गेला त्यात दुसरी वही झाली असती.

तुमच्याकडची शीट लोकरीची आहे की नाही हे ओळखायचं असेल, तर कडेचे चार तंतू काढून चिमट्यात धरून पेटवून बघा. मोकळ्या जागेत, जवळ पाणी ठेवून. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरडते. प्लास्टिकचा तंतू वितळतो आणि त्याची कडक गोळी होते.

लोकरीच्या फेल्टमध्ये सुया गंजत नाहीत, कारण लोकरीत नैसर्गिक तेल असतं, असं बऱ्याच व्हिडिओंत सांगतात. तेल असतं हे खरं, त्याला लॅनोलिन म्हणतात. पण कारखान्यात धुतलेल्या लोकरीत ते फारसं उरत नाही. गंज टाळायचा तर घामट बोटांनी हाताळलेली सुई पुसून ठेवा आणि वही मोरीजवळच्या फळीवर ठेवू नका.

सामान एवढं घ्या: बाहेरच्या वेष्टणासाठी गडद रंगाची एक ए-४ शीट, आतल्या पानांसाठी फिक्या रंगाची एक, लाल रंगाचा छोटा तुकडा, भरतकामाच्या दोऱ्याची एक लच्छी, कोटाला असतं तसं एक मोठं बटण आणि बोटभर बारीक इलास्टिक. लच्छीचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर सुटे करून वापरायचे. आणि कात्री धारेची हवी. घरातल्या दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीनं फेल्ट कापलं जात नाही, चावलं जातं.

पानांचा रंग फिका का? कारण त्यावर सुई दिसायला हवी. ही वही डोळ्यांना त्रास असलेल्या माणसासाठी आहे. पानं काळी केली तर सगळा खटाटोप वाया.

मापं आणि कापणं

गडद शीटमधून २० सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद असे दोन आयत कापा. हे वेष्टणाचे दोन थर. फिक्या शीटमधून १८ बाय १० चे दोन आयत कापा. ती पानं. मधोमध दुमडली की चार पानं होतात. रेघा मारायला पेन वापरू नका. झिजून पातळ झालेली साबणाची वडी घ्या, शिंपी वर्षानुवर्षं तेच करतात. रेघ नंतर बोटानं झटकली तरी जाते.

लाल तुकड्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवून त्याभोवती गोल आखा आणि कापा. हा गोल पुढच्या बाजूला लावायचा. माझ्या वहीचं वेष्टण घोंगडीसारखं काळं आणि त्यावर हा लाल टिळा, केमचा म्हणून. हळदीत चुन्यासारखा किंवा टाकणखारासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळला की ती लाल होते, कुंकवाच्या जुन्या पद्धतीचं मूळ त्यातच आहे. आमच्या गावात हा लाल रंग कुठंही सापडतो, उंबऱ्यावर, पिशव्यांवर, लोकांच्या नखांत. तुमचं गाव वेगळं असेल तर तिथलं काहीतरी लावा. द्राक्षाचं पान, बोराचं फळ, काहीही. आकार सोपा ठेवा. पहिल्याच वेळी विठोबा कापायला गेलात तर रडाल.

शिवायची कशी?

या कामात क्रम महत्त्वाचा आहे. गाठी दोन थरांच्या आत लपवायच्या असतील तर बटण आणि टिळा आधी लावावे लागतात. मी उलटं केलं होतं, म्हणून पहिल्या वहीच्या आतल्या बाजूला गाठींचं जाळं झालंय.

वेष्टणाचा एक आयत आडवा ठेवा. मधोमध घडीची रेघ समजा. उजवा अर्धा भाग म्हणजे वहीचं मुखपृष्ठ. त्याच्या मध्यावर लाल गोल ठेवून कडेनं बारीक टाके घाला. उजव्या काठापासून दीड सेंटीमीटर आत, उंचीच्या मध्यावर, बटण लावा. बटणाच्या मागे फेल्टचा एक छोटा चौकोन धरून त्याच्यातूनही टाके काढा, नाहीतर रोजच्या ओढीनं बटण फेल्टसकट उपटून येतं.

आता दुसरा आयत याच्याखाली ठेवा. डाव्या काठाच्या मध्यावर, दोन थरांच्या मधे, इलास्टिकचा फास घाला, दोन्ही टोकं आत आणि वळण बाहेर. फास किती मोठा हवा हे मोजत बसू नका. वही मिटून बटणापर्यंत धरून बघा, सहज पोचला पाहिजे. इथं नाडी किंवा रिबीन सुचवणारे खूप आहेत. दिसायला छान, पण सांधे दुखणाऱ्या बोटांना रोज गाठ सोडायला लावणं बरं नव्हे. टिचबटणही टाळा, ते उघडायला नखांत जोर लागतो. मोठं बटण आणि सैल फास, एवढंच करा.

चारही कडा काजटाक्यानं शिवायच्या. शर्टाच्या काजाला किंवा ब्लँकेटच्या कडेला असतो तोच टाका. पद्धत अशी: दोऱ्याला गाठ मारून सुई दोन थरांच्या मधून वर काढा, म्हणजे गाठ आत राहते. कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत सुई वरून खाली घाला. दोरा पूर्ण ओढण्याआधी एक फास उरेल, त्या फासातून सुई बाहेर काढा आणि मग ओढा. दोरा कडेवर आडवा बसतो. शेजारी अर्ध्या सेंटीमीटरवर पुढचा टाका. दोरा कडेवर फक्त टेकला पाहिजे. करकचून ओढला तर फेल्ट गोळा होतं आणि कड लाटेसारखी दिसते.

चारही कडा मिळून ६४ सेंटीमीटर होतात. अर्ध्या सेंटीमीटरला एक धरला तर साधारण १२८ टाके. ऐकायला भयंकर वाटतं, पण पहिल्या वीस टाक्यांत हात बसतो आणि पुढचे एका वेबसिरीजच्या भागात संपतात. दोरा एकूण दोन मीटरच्या आसपास लागतो, पण तो एकदम घेऊ नका, गुंता होईल. एका वेळी हातभर घ्या, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि संपला की नवा जोडा. पहिल्या बाजूचे टाके वाकडे येतील. येऊ द्या. ती बाजू खाली करा, म्हणजे लगेच डोळ्यांत भरणार नाही.

शेवटी फिकी पानं वेष्टणाच्या आत मधोमध ठेवा. घडीच्या रेघेवर सगळ्या थरांतून धावदोरा घालत जा आणि त्याच रेघेवरून परत या, पहिल्यांदा सुटलेल्या जागा भरत. जाड थरातून सुई निघत नसेल तर बोटात अंगुस्तान घाला. दातानं सुई ओढायचा मोह होतो. नको.

तुमच्या हातात आता पानाच्या चंचीची चुलत बहीण म्हणावी अशी एक चीज आहे. चंचीत पान, सुपारी, कात, चुना आपापल्या कप्प्यात असायचे आणि सगळं गुंडाळून कनवटीला जायचं. युरोपात अशा सुयांच्या वह्या निदान दोनशे वर्षांपासून बायका एकमेकींना भेट देत आल्यात. इंटरनेटवर नमुने बघायचे तर ‘नीडल बुक’ असं शोधा, शेकडो सापडतील.

खरं काम आता सुरू होतं

रिकामी वही दिलीत तर आई कौतुक करेल, कपाटात साडीखाली जपून ठेवेल आणि परत शेजारच्या पोरीला हाक मारेल. वहीचा उपयोग ओवलेल्या सुयांमुळे आहे.

आधी घरात काय शिवलं जातं ते विचारा. हातशिलाईच्या सुयांवर नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. फॉल लावायला नऊ किंवा दहा नंबरची बारीक सुई चालते, बटण-तुरपाईला सात नंबर. गोधडीची जाड लांब सुई एखादी ठेवा. पोती शिवायचा दाभण या वहीत मावणार नाही, त्याला त्याच्या खुंटीवरच राहू द्या. काही सुयांचं नेढं लांबट असतं, त्या भरतकामाच्या. दुकानात मुद्दाम मागून घ्या. आईला कधी स्वतः ओवायची वेळ आलीच तर त्या बऱ्या पडतात.

रंग तिच्या कामाचे निवडा. पांढरा आणि काळा प्रत्येकी दोन, बाकी साड्यांचे. मी लाल, मरून, हिरवा, जांभळा, पिवळा आणि बदामी घेतले होते. पिवळ्याऐवजी निळा हवा होता, हे पहिल्याच आठवड्यात फोनवर ऐकून घेतलं.

प्रत्येक सुईत हातभर ते दीड हात दोरा ओवा. नेढ्यातून बोटभर शेपूट बाहेर ठेवा, नाहीतर सुई उचलताच दोरा निसटतो आणि सगळी मेहनत फुकट. ओवताना दोऱ्याचं टोक तिरकं कापा आणि नेढ्यामागे पांढरा कागद धरा. तरुण डोळ्यांनाही यानं फरक पडतो.

आता लोंबणाऱ्या दोऱ्यांचं काय? दहा दोरे मोकळे सोडले तर वही एकदा मिटून उघडली की शेवयांचा गुंता होतो. सुई पानात अशी घाला की ती आत जाऊन पुन्हा वर येईल, आणि दोन्ही टोकं वर दिसतील. मग दोरा या दोन टोकांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळा. वापरायची वेळ आली की सुई ओढायची, दोरा आपोआप सुटतो. सुया उघडल्यावर उजवीकडे येणाऱ्या पानांवरच लावा, दोन सुयांमधे दोन बोटं अंतर ठेवून. चारही पानांवर मिळून दहा आरामात बसतात.

आजीच्या पिढीची एक युक्तीही इथं सांगायला हवी, कारण काही घरांत तीच जास्त उपयोगी ठरेल. रिळाचा दोरा न कापता त्याच्या टोकाला एकापाठोपाठ दहा सुया ओवून ठेवायच्या. काम निघालं की पहिली सुई आणि हवा तेवढा दोरा ओढून घ्यायचा, बाकीच्या नऊ सुया रिळाकडे सरकवायच्या आणि मधे कापायचं. नऊ सुया अजून ओवलेल्याच. एकाच रंगाचं काम खूप असेल, म्हणजे पांढरे गणवेश किंवा एका रंगाच्या फॉलचा गठ्ठा, तर या युक्तीला तोड नाही. रंग सारखे बदलत असतील तर वही बरी. आमच्याकडे दोन्ही आहे.

बाजारात डोक्यावर फट असलेल्या सुयाही मिळतात, दोरा वरून दाबला की आत बसतो. ऐकायला हाच शेवटचा उपाय वाटतो. पण त्या फटीत बारीक दोरा घासून तुटतो आणि नाजूक कापडात ती अडकते, म्हणून फॉलसाठी आईनं त्या नाकारल्या. सुई ओवायचा पत्र्याचा तुकडा, पुढे बारीक तारेचं शंकरपाळं असलेला, तो मात्र वहीच्या शेवटच्या पानात टाचून ठेवा. स्वस्त आहे. ते शंकरपाळं नेढ्यात घालायलाही नजर लागते हे खरं, पण दोऱ्यापेक्षा तार ताठ असते, त्यामुळे नेम लवकर बसतो.

कधी द्यायची, आणि बाबांना काय?

मदर्स डे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. आपल्याकडे मातृदिन श्रावणातल्या पिठोरी अमावस्येला, म्हणजे पोळ्याच्याच दिवशी. दोन्हींपैकी कुठला पाळायचा यावर भांडू नका. घरी जाणं ज्या दिवशी जमतंय तो दिवस धरा. ही भेट कुरियरनं पाठवली तर कस्टमर केअरसारखी फोनवर मदत करत बसावं लागेल. समोर बसून एकदा उघडून दाखवणं सोपं.

बाबा शिवत असतील तर हीच वही त्यांनाही चालेल. आमच्याकडे बटणं बाबाच लावतात. शिवत नसतील तर २० बाय २० चा एक तुकडा मधोमध दुमडून, खालची आणि एक बाजू याच काजटाक्यानं शिवा. चष्म्याचं घर तयार. पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. फेल्टमुळे काचेवर किल्ल्यांचे आणि नाण्यांचे ओरखडे येत नाहीत, मात्र कुणी त्यावर बसलं तर चष्मा मोडणारच. बाबांचा मोडला.

घरी परत गेल्यावर

वहीच्या मुखपृष्ठाच्या आत मी बॉलपेननं मोठा ‘१०’ लिहून ठेवलाय. काम झालं की सुया मोजायच्या, रिकामी सुईही जागेवर टोचायची. एखादी कमी भरली तर झाडू मारण्याआधी शोधायची. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून चटईवरून फिरवलं की सापडते.

दिवाळीला गेले तेव्हा दहापैकी आठ सुया रिकाम्या होत्या, एक जांभळ्या दोऱ्यासकट तशीच, आणि एक फॉलच्या साडीत अर्धवट टाक्यावर. साड्यांचा गठ्ठा परत आला होता, आधीपेक्षा लहान. मी पहिल्या रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसले. आईनं शेजारी रिळांचा डबा आणून ठेवला आणि म्हणाली, “ह्या खेपेला निळा जास्त घाल.”